क्लच नसलेली गाडी

चार ड्रायव्हर एकत्र बसले की किस्से काढावे लागत नाहीत, निघतात. कॅम्पातल्या खोलीबाहेर चपला साठतात ना, तसे साठलेले असतात, कुणाचा कुठला ते कळत नाही. दुबईच्या जबल अली बंदरात मी बारा वर्षं ट्रक चालवला, म्हणजे माझ्याकडे ढीग आहे. मोहिते आबांचे मात्र मी वेगळे ठेवलेत.

आबा साताऱ्याकडचे. वीस वर्षं गल्फमध्ये, सगळी क्लचवर. दोन हजार सालाच्या सुमारास कंपनीने तीन ऑटोमॅटिक ट्रक आणले. क्लच नाही, गियर गाडीच बदलणार. आमचा फोरमन कुट्टी केरळचा. त्याने सगळ्यांना रांगेत उभं करून सांगितलं, "नया गाडी जो ठोकेगा, उसका व्हिसा खलास. सीधा एअरपोर्ट."

आम्ही हसलो, आबा हसले नाहीत. वीस वर्षांत पहिल्यांदाच काकू, म्हणजे आबांच्या मंडळी, दुबईला येणार होत्या, पुढच्याच महिन्यात. शारजात ओळखीच्या घरी राहायची सोयही झाली होती. तोवर नोकरी टिकली पाहिजे, एवढाच आबांना घोर.

*

पहिल्याच दिवशी यार्डात ट्रायल. शेजारी कुट्टी. आबांनी गाडी काढली, जरा वेग आला आणि वीस वर्षांच्या सवयीने डावा पाय क्लच दाबायला गेला. तिथे क्लच कुठला? सापडला तो ब्रेक. गाडी जागच्या जागी उभी आणि कुट्टीचं कपाळ काचेवर.

दुसऱ्या दिवसापासून आबा डावा पाय मांडीखाली दुमडून बसायला लागले. देवळात बसावं तसे. कुट्टीने विचारलं, "ये क्या है?"

"साहेब, इसको छुट्टी दिया."

*

शुक्रवारी आबा गावी फोन लावायचे. फोनचं कार्ड संपायच्या आत सगळं सांगायचं म्हणून भराभर बोलायचे. नव्या गाडीचं कौतुक ऐकून घेतल्यावर काकू म्हणाल्या, "गाडी आपोआप चालते म्हणताय, मग तुम्हाला पगार कशाचा देतात?"

आबांनी फोन ठेवला आणि आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत. हाच प्रश्न कुट्टीला सुचला तर काय, ही भीती.

*

हा माझा. हिवाळ्यातला पहिला पाऊस. वर्षभराचं तेल आणि धूळ रस्त्यावर साचलेली, त्यावर चार थेंब पडले की साबण लावल्यागत होतं. राऊंडअबाउटला मी ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला. गाडीने आपल्या अकलेने खालचा गियर टाकला, मागची चाकं अडखळली आणि ट्रेलर वळत वळत माझ्या खिडकीपाशी आला. स्वतःचा ट्रेलर मी असा शेजारी कधी पाहिला नव्हता. दिव्याचा खांब वीतभर राहिला.

मागून आबा आले. शिव्या घालतील वाटलं, तर पाणी दिलं आणि म्हणाले, "पोरा, ओल्यात हिला विचार करू द्यायचा नाही."

*

आणि आता गारांचा. फुजैराच्या डोंगरातून आम्ही खडी आणायचो. भर दुपारी अंधारून आलं आणि गारा सुरू झाल्या, लिंबाएवढ्या. दहा मिनिटांत उताराचा रस्ता पांढरा. आबा पुढे, मी मागे. आबांनी उताराच्या तोंडाशी गाडी उभी केली, इंजिन बंद केलं, चाकांखाली ठोकळे लावले आणि परत वर जाऊन बसले. गाडी त्यांनी अशी आडवी घातली होती की कुठला ट्रक पुढे जायचा नाही.

मागे रांग लागली. हॉर्न सुरू. आबांकडच्या कंपनीच्या मोबाईलवर कुट्टी: "साइट पे सब खडा है. गाडी हिलाओ, नहीं तो व्हिसा खलास."

मी धावत जाऊन म्हटलं, "आबा, हळूहळू उतरू या ना. काकू यायच्यात."

"तेवढ्यासाठीच थांबलोय," आबा म्हणाले. किल्ली त्यांनी खिशात घातली होती.

तेवढ्यात मागून काळ्या काचांची एक पांढरी जीप आली. आबांनी खिडकीतून दोन्ही हात हलवले, नको नको म्हणून. जीप कडेने सुटली, उतारावर गेली, गोल फिरली, अजून एकदा फिरली आणि खालच्या वाळूच्या ढिगाऱ्यात तोंड खुपसून थांबली.

दार उघडलं. उतरले ते आमचे अर्बाब. कंपनीचे मालक! वर्षातून एकदा दिसले तर दिसायचे.

अर्बाब चपला हातात घेऊन, गारांवरून घसरत, सावरत, वर आले. आबांच्या शेजारचं दार उघडून वर चढले, ओले पाय मांडीखाली दुमडले आणि बसून राहिले. आबा समोर बघत होते, मी पायरीवर उभा.

फोन वाजला. कुट्टीचा आवाज बाहेर मला ऐकू येत होता: "मोहिते, आखरी बार बोलता है. गाडी निकाला क्या?"

आबांनी फोन अर्बाबांपुढे धरला.

अर्बाबांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कुट्टी, तुम इधर आओ. तुम चलाओ."