बारक्याच्या काळातले पॅड

माझे मोठे दीर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सीट शिवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाड सुईचं शिलाई मशीन आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवलं. तेव्हापासून पाहुण्यांना बसायला जागा नाही आणि मला दुपारची झोप नाही. तरुणपणी ते डेपोच्या हॉकी संघाचे गोलकीपर होते. नाक डावीकडे वळलंय ते तेव्हापासून. त्या काळी हेल्मेट नव्हतं, हे ते अशा सुरात सांगतात, जणू हेल्मेट आलं आणि खेळाचं वाटोळं झालं.

त्यांचं दैवत म्हणजे बारक्या. छापखान्याच्या संघाचा गोलकीपर, अंगाने काडी, समोरचे दोन दात चेंडूने नेलेले.

"चेंडू त्याच्या पायाशी येऊन मरायचा," भाऊजी सांगतात. "निपचित पडायचा. मग बारक्या तो सावकाश बाजूला सारायचा, दारातलं मांजर हाकलावं तसा. आता काय, चेंडू पॅडवर आपटतो आणि भलतीकडे उडतो. याला अडवणं म्हणतात?"

हे मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. मी कान बंद केले, पण माझ्या मुलीने उघडे ठेवले. चिमी अकरावीत आहे आणि कॉलेजच्या संघाची गोलकीपर आहे. मला ती बॅडमिंटन खेळायला हवी होती. निदान फुलाने कोणाचे दात पडत नाहीत. ती मैदानावर असली की माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

गेल्या आठवड्यात जिल्हा संघाच्या निवडीचे सामने होते, शनिवारी एक आणि रविवारी एक. वर्षभर पोरगी त्यासाठी पहाटे उठली. दोन दिवस आधी तिच्या पॅडच्या कव्हरची शिवण उसवली.

"दे इकडे, मी बघतो," भाऊजी म्हणाले.

मशीन दोन संध्याकाळ चाललं. एवढ्याशा शिवणीला इतका वेळ कसा, हे मी विचारायला हवं होतं. पण यांचं घरात एकच पालुपद, "दादाला काही बोलू नकोस, त्याला बरं वाटतं." चिमीने पॅड उचलले तेव्हा ती म्हणाली, "जड लागतायत का गं?" आणि लगेच म्हणाली, "पावसात भिजले असतील."

शनिवारी समोरच्या मुलीने जोरात फटका मारला. चिमीने बरोबर पाय घातला. चेंडू पॅडवर आदळला आणि तिथेच पडला, पायाशी, अगदी निपचित. तो तिला बाजूला सारता येण्याआधी दुसरी मुलगी धावत आली आणि तिने तो आत ढकलला. थोड्या वेळाने पुन्हा हुबेहूब तसंच झालं. कॉलेजच्या सरांनी चिमीला बाहेर बसवलं. पॅड अंगठ्याने दाबून पाहिला आणि माझ्याकडे आले.

"हे कोणी भरलं? आत कापूस आणि काथ्या आहे. चेंडू फोमवरून लांब उडायला हवा, म्हणजे समोरच्यांना दुसरा फटका मिळत नाही. उद्या असले पॅड नकोत."

माझ्या शेजारी भाऊजी बसले होते. त्यांचे डोळे पाणावले होते. "पाहिलंस? कसा मेला चेंडू. किती वर्षांनी पाहिलं."

घरी आल्यावर त्यांनी चिमीला समजावलं, "पाय जरा उशिरा हलला तुझा."

"हो मोठे काका, माझंच चुकलं," ती म्हणाली.

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. "तिचं काही चुकलेलं नाही, भाऊजी. फोम काढलात ना तुम्ही?"

"त्या थर्माकोलसारख्या वस्तूला तू फोम म्हणतेस? बारक्याने अशाच कापसावर..."

"बारक्यासमोर या मुली नव्हत्या. फोम कुठे आहे?"

ते उठले. तेव्हा दिसलं, ते ज्या स्टुलावर बसून मशीन चालवतात त्यावर नवी गादी होती. माझ्या मुलीचा फोम कापून, वर मरून रेक्झिन ठोकून, ते दोन दिवस त्यावर बसले होते.

"कंबर दुखायची," ते म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर शेजारी धावत आले असते.

रात्री भाऊजींनी गादी उसवली, तुकडे चिकटवले, भरले, शिवले. कापाकापीतून उरलेला फोम एकाच पॅडला पुरला. डाव्या पायात कापूसच राहिला. रविवारी चिमी प्रत्येक चेंडूला उजवा पाय पुढे करत सरपटत, आडवी पडत खेळली. एकच गोल झाला, डाव्या पायाशी मेलेल्या चेंडूवर. यादीत ती आली, पण राखीव गोलकीपर म्हणून. म्हणजे संघाबरोबर सगळीकडे जायचं, पॅड बांधायचे आणि बाकावर बसायचं. ती हसत आली. मला हसू येत नव्हतं. अजून येत नाही.

भाऊजी आता नुसत्या लाकडी स्टुलावर बसतात. नवे पॅड आणण्याचं यांनी कबूल केलंय, आणि ते माझ्या कपाटात कुलपात राहणार, हे मी सगळ्यांना सांगितलंय.

"बाकावर बसली म्हणून काय झालं," काल ते चिमीला सांगत होते. "बारक्यासुद्धा पहिल्या वर्षी राखीवच होता."

"हो?" ती म्हणाली आणि ऐकायला जमिनीवर मांडी घालून बसली.