बार्शीटाकळीच्या मळ्यात डबाभर गांडुळं

साठ सालानंतरची गोष्ट. अमरावतीच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्राचे प्रयोग घ्यायची. बार्शीटाकळीहून माझ्या मैत्रिणीचा, शांताचा निरोप आला: "मळ्यात तेल मुरलं. आमचे हे मळा सोडून अकोल्याच्या गिरणीत जातो म्हणतात. तू माती पाहून जाय." मग काय, डबाभर गांडुळं घेतली, आईला जयभीम केला आणि निघाले!

तुम्ही जाल तर पहाटेचीच मोटार धरा. उन्हात मूर्तिजापूरचा रस्ता जीव काढतो. कंडक्टरनं डब्यात डोकावून विचारलं, "बाई, हे काय नेऊन राहिल्या?" म्हटलं, "पाहुणे आहेत. तिकीट काढू का त्यांचं?" तो दुसऱ्याचं तिकीट फाडायला पुढे सरकला. अकोल्यात गरम आलूबोंडे खाऊन घ्या, पुढच्या मोटारीचा भरवसा नाही.

शांताच्या मळ्यात मोटेच्या जागी नवं तेलाचं इंजिन बसलं होतं. त्यातलं तेल पाझरून विहिरीजवळची मेथी जळाली होती. तिचे यजमान हरिभाऊ म्हणाले, "माती मेली, बाई. साराच मळा गेला."

"थांबा, गांडुळांना विचारू," मी म्हटलं. एका गाडग्यात विहिरीजवळची माती, दुसऱ्यात मळ्यातलीच, पण बांधापलीकडची. दोन्हींत गांडुळं सोडली. चांगल्या मातीत ती खाली शिरतात, विषारी मातीतून वर पळतात, इतकं सोपं! झुणका-भाकर हाणून मी निर्धास्त झोपले.

सकाळी पाहते तर विहिरीकडचं गाडगं रिकामं! दुसऱ्यात मात्र गांडुळांचा नुसता गुंता.

शांता हळूच म्हणाली, "मीच काढली. काठावर तडफडून राहिली होती. मले पाहवलं नाई. त्या चांगल्या मातीत टाकली."

"अगं बाई, तेल माखलेली त्यात टाकलीस? आता बाकीचा मळा कसा आहे, कळायचं कसं?" मी अशी भडकले की हरिभाऊच मधे पडले.

मुक्काम वाढवला. बांधापलीकडून ठिकठिकाणची ताजी माती आणली, डब्यात उरलेली गांडुळं सोडली, वर मेथीदाणे टाकले. शांताला जवळ फिरकू दिलं नाही. गांडुळं खाली शिरली ती शिरलीच, आणि मेथीलाही कोंब आले. मला इतका आनंद झाला की काय सांगू!

"विहिरीजवळचा पट्टा सोडा. मळा सोडू नका," मी हरिभाऊंना सांगितलं. त्यांनी गाडगं उचलून मेथीचे कोंब जवळून पाहिले.

घरी आल्यावर मात्र चैन पडेना. एका घराचा संसार मी गांडुळांच्या भरवशावर टाकला होता. हिवाळ्यात शांता टोपलीभर मेथी घेऊन दारात हजर.

"हरिभाऊ गिरणीत गेले?"

"कायले जातात!"

"आणि तो विहिरीजवळचा पट्टा?"

"तिथं काईच येत नाई व. संध्याकाळी आमी दोघं तिथं बसतो."