मशीनची सुट्टी

माझे सासरे आनंदनगरच्या कारखान्यात आयुष्यभर लेथ मशीनवर उभे राहिले. निवृत्तीनंतर घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. हात असा थरथरतो की कागदावर लिहिलेलं त्यांनाच वाचता येत नाही. कितीतरी महिने ते नुसते खिडकीत बसून असायचे.

मग उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून आम्ही एक जुना कॉम्प्युटर आणला. बाबा एका बोटाने मराठी टाइप करायला शिकले. पडद्यावर ही मोठाली अक्षरं उमटायची. आमटीत मीठ नाही, ही त्यांची पहिली तक्रार मी त्यावर वाचली आणि अंबरनाथच्या आमच्या त्या दोन खोल्यांत आनंदाने रडले. तक्रारीवर रडणारी सून त्यांनीही पहिल्यांदाच पाहिली असेल.

गेल्या खंडेनवमीला बाबांनी कॉम्प्युटरची पूजा केली. टेबलाखालचा सीपीयूचा डबा बाहेर ओढून पुसला, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. संध्याकाळी माझ्या नवऱ्याने तो पुन्हा आत, बाबांचा हात पोचणार नाही असा, भिंतीपर्यंत सरकवला.

दसऱ्याला सकाळी बघते तर कॉम्प्युटर ढिम्म. दिवा नाही, पंख्याचा आवाज नाही. त्याच बोर्डावर मोबाइल लावला, तो चार्ज होत होता. वायर बोर्डातून काढून पुन्हा लावली, बटण दाबून दाबून बोट दुखलं. नवऱ्याने कॅम्प चारच्या दुकानदाराला फोन लावला. पॉवर सप्लाय गेला असेल, सणानंतर घेऊन या, असं तो म्हणाला. हळदकुंकू आत गेलं असणार, हे आम्ही दोघांनी ठरवूनच टाकलं, पण बाबांसमोर बोलायची हिंमत कोणाची?

बाबा मात्र सारखे टेबलाखाली बोट दाखवत होते. मला वाटलं, हार सुकलाय म्हणतात. हार काढला. त्यांनी मान हलवली. चहा हवाय वाटून चहा केला, तर कप बाजूला सारून त्यांनी कपाळावर हात मारला आणि ते उठून खिडकीत जाऊन बसले. पुन्हा त्याच खिडकीत. हा माणूस आता परत गप्प होणार, या भीतीने मला काही सुचेना.

थोड्या वेळाने काठीचा आवाज आला. बाबांनी माझा खांदा धरून मला खाली बसवलं आणि डब्याच्या मागच्या बाजूला काठीने टकटक केलं. मी मागे हात घातला. वायरच्या खाचेशेजारी एक बारीकसा खटका होता. इतके दिवस घरात असून मला तो माहीतच नव्हता. दाबला, आणि पंखा घरघरला.

बाबा खुर्चीत बसले. एकेक अक्षर शोधत त्यांनी लिहिलं, "खंडेनवमीला मशीन चालवत नाहीत. मीच बंद केलं होतं. सकाळपासून तेच सांगतोय."

मला हसू आवरेना. कारखान्यात त्या दिवशी पूजा झाली की मेन स्विच पाडायचा आणि दुसऱ्या दिवशी चालू करायचा, ही त्यांची जन्माची शिस्त. ज्याला सगळं ठाऊक होतं, त्याने स्वतःचंच तोंड बंद करून ठेवलं होतं, तेही पूजा करून.

मी त्या जुन्या डब्याला मनापासून हात जोडले. उठणार, तोच बाबांनी थांबायची खूण केली. त्यांचं बोट बराच वेळ अक्षरं शोधत राहिलं.

"पुढच्या वर्षी पूजा चालू मशीनचीच करू."