पोपटीतलं वांगं

डोळ्यात सुई टोचून घेण्यात विशेष काही नाही. विशेष आहे ते त्यानंतर घरच्यांच्या तावडीत दिवस काढणं!

साखरेचा आजार माझ्या अंगात पंधरा वर्षं बिनभाड्यानं राहतोय. गेल्या थंडीत तो डोळ्याच्या पडद्यापर्यंत चढला. खोपोलीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पडद्याला सूज आहे, महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं डोळ्यात घ्यावी लागतील. पहिलं घेतलं. (दुखत नाही, डोळा बधिर करतात. पण एरवी सगळं धूसर दिसत असताना ती सुई तेवढी अगदी स्वच्छ दिसते!) निघताना बाईंनी माझ्या मुलाला, संदेशला, बजावून सांगितलं : डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, धूळ नाही, धूर नाही, बाहेर काळा चष्मा लावायचा, थेंब वेळेवर घालायचे आणि मी सांगेपर्यंत गाडी चालवू द्यायची नाही.

हे शेवटचं ऐकून माझं टाळकंच फिरलं. तीस वर्षं मी नेरळहून माथेरानच्या घाटात टॅक्सी चालवली. धुक्यात स्वतःच्या गाडीचं बॉनेट दिसत नसताना वळणं घेतली! आणि आता घरापासून कळंबच्या नाक्यापर्यंत स्कूटर न्यायची नाही?

घरी आल्याआल्या मी विचारलं, "स्कूटरची चावी कुठाय रं?"

"हाय की घरातच," संदेश म्हणाला. "दिसली तर घ्या आनि जा."

म्हणजे लपवली! माझी चावी, माझ्या घरात, माझ्यापासून! मी शोधमोहीम काढली. तांदळाचं पिंप उपसलं, गाद्या उलथ्या केल्या, देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे हात घालून पाहिला. तिसऱ्या दिवशी मसाल्याच्या डब्यांवर आलो. तिखटाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला, चावी काही लागली नाही, आणि डोळा चुरचुरला म्हणून तोच हात वर नेला. माझी बायको लीला एवढ्यानं किंचाळली, की शेजारचे दोघे साप निघाला समजून काठ्या घेऊन धावत आले.

"अवो, चावीपायी डोळा घालवाल!"

"मग दे चावी!"

"मी कशाला देऊ? मी घेतलीय का?" ती म्हणाली. काय पण अभिनय!

रविवारी माझा मेव्हणा दामू खालापूरहून आला. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या शेतात पोपटी लागते, म्हणजे शेंगा नि कोंबडी पाल्यासकट मडक्यात कोंबून जाळात भाजायची, आणि मडकं दरवर्षी मी भरतो. या कामात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नाही. (हे माझंच मत आहे, पण ठाम आहे.) दामू शर्टाच्या बाह्या सारत म्हणाला, "दाजी, यंदा तुमी खुर्चीवर बसा. मडकं मी भरतो."

खुर्चीवर! आज मडकं गेलं, उद्या स्कूटर कायमची जाईल आणि परवा मला हाताला धरून अंगणात फिरवतील! मी ताडकन उठलो.

"मडकं मीच भरनार. एकटा! कुनी हात लावायचा नाय. आनि पोपटी जमली, तर चावी आजच माझ्या हातात द्यायची!"

संदेशनं लीलाकडे पाहिलं. लीलानं पदर तोंडाला लावला.

"दिली," संदेश म्हणाला. "पन जाळ मामा लावंल. तुमी धुरापासनं लांब."

कबूल! मी मडक्यापुढे बैठक मारली. काळ्या चष्म्यातून पाला कुठला नि शेंगा कुठल्या ते कळेना, म्हणून चष्मा कपाळावर चढवला. तरी इंजेक्शनचे काळे ठिपके डोळ्यात तरंगत होतेच. प्रत्येक शेंगेवर मुंगी! अर्धा तास मी मुंग्या झटकत होतो. तळाला भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, मीठ, ओवा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा शेंगा. नीट बसलंय का बघायला मडक्यात वाकलो. काहीतरी टप्पकन वाजलं. बटाटा खाली बसला असेल, असं म्हणून वरून पाला गच्च दाबला आणि मडकं उलटं ठेवून दिलं.

"अवो, चष्मा कुठाय?" लीलानं विचारलं.

"खिशात हाय!" मी ठणकावलं. खिसा चाचपायची मला गरज वाटली नाही.

दामूनं जाळ केला. मी लांबून कानानं सगळं चालवलं. मडक्यावर पाणी शिंपडल्यावर जो चर्र आवाज येतो, त्यावरून पोपटी झाली की नाही ते मला झोपेतसुद्धा कळतं. "काढा!" मी हुकूम सोडला. मडकं केळीच्या पानांवर उपडं झालं, वाफ उसळली आणि भांबुर्डीचा वास सुटला. त्या वासात आणखीही एक वास होता.

"दाजी, ह्यात वांगं टाकलं व्हतं का?" दामूनं विचारलं.

मी वाकून पाहिलं. शेंगांच्या ढिगात काहीतरी काळं, चकचकीत, सुरकुतलेलं पडलं होतं. मी वांगं टाकलं नव्हतं. पण नाही म्हणावं, तर मडक्यात काय गेलं ते मला दिसलं नाही असा अर्थ झाला! चावी पणाला लागली होती.

"टाकलं तर!" मी म्हणालो. "वांग्याशिवाय पोपटीला चव हाय का?"

"पन ह्याला दोन देठ हायती," दामू म्हणाला.

"जुळं हाय. आन इकडं!"

मी ते जुळं वांगं हातात घेतलं आणि ऐटीत सोलायला बसलो. साल निघेना. नखानं खरवडलं, तेव्हा देठाच्या बुडाशी एक बारीक स्क्रू लागला.

मग लीला तिथंच बांधावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसली. कोंबडीसकट सगळी पोपटी प्लास्टिकच्या वासानं वाया गेली आणि आम्ही घरी येऊन चटणी-भाकरी खाल्ली. पैजेचा विषय कुणी काढला नाही. मीही काढला नाही, पण शेवटी राहवेना.

"हरलो," मी म्हणालो. "आता निदान लपवली कुठं, तेवढं तरी सांगा. शोधून शोधून कंबर गेली माझी."

"लपवली कुनी?" लीला म्हणाली. "दाराजवळच्या खुंटीला हाय. तुमीच लावलीवती, दवाखान्यात जायच्या दिवशी."

मी गेलो. हातानं चाचपलं. होती! माझ्या काळ्या छत्रीला टेकून, काळ्या गोफात, माझ्या नाकासमोर! पाच दिवस मी तिच्याखालून ये-जा करत होतो.

तरी मी हार मानलेली नाही. दुसऱ्या इंजेक्शनला स्वतःहून निघालो, नव्या काळ्या चष्म्यात, संदेशच्या मागे बसून. पण स्कूटरला चावी मी लावली. मीच! चौथ्या प्रयत्नात भोक सापडलं.