रॉडच्या पेटीत माझी पत्रकं

उत्तमकाका गेले, हे मला तहसीलसमोर पत्रकं वाटताना फोनवर कळलं. दीड महिना झाला. शोकसभेत सगळे म्हणाले, मनमिळाऊ माणूस. साफ खोटं! काका तुसडे होते, आणि वेल्डिंगच्या कामात त्यांच्याइतका हट्टी माणूस मंगरूळपीरकडे मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्या दुकानात पत्र्याची एक पेटी होती. आत बारा महिने बल्ब जळायचा आणि त्या उबेत वेल्डिंगचे रॉड असायचे. रॉडवरचा लेप ओल धरतो. ओल्या रॉडनं जोडलं की जोडात बारीक भोकं पडतात, वरून रंग मारला की ती दिसत नाहीत. ठेकेदारांना हे पक्कं ठाऊक असतं. तरी त्यांचे रॉड सिमेंटच्या गोण्यांवर उघडे पडलेले... आणि तपासणीत सगळं ठीक!

म्हणूनच आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी दोन वर्षं भांडल्यावर तिचा लोखंडी सांगाडा काकांनीच करावा, हा आग्रह मी धरला. श्रावणातली झड लागलेली. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी शाळेत गेले, तर काका ग्राइंडरनं आपलेच जोड कापत होते.

"काका, कायले कापून राह्यले? उद्या पाहुणे येऊन राह्यले ना!"

"येऊ दे. टाकीखाली पाहुने बसतीन का पोट्टे?"

मी भडकले. सगळ्यांसमोर म्हणाले, तुम्हीही ठेकेदारांसारखेच निघालात. त्यांनी मानही वर केली नाही. "रॉड ओले होते. चूक माह्या दुकानातली हाय." एवढंच. उद्घाटन लांबलं.

दोन दिवसांनी दुकानात गेले, पेटी समोर दिसली आणि आठवलं. सांगाड्याचं काम सुरू व्हायच्या आधी काका गावाला गेलेले, दुकानाची चावी माझ्याकडे. निकृष्ट कामांविरुद्धची माझी पत्रकं पावसात भिजली, म्हणून मीच ती पेटीत कोंबली होती. जागा व्हावी म्हणून रॉड खिडकीत ठेवले आणि काका यायच्या आत मुकाट परत भरले.

"तुमाले माहीत होतं?"

"पेटीत तुहा कागद चिकटला होता."

"मंग बोलले काहून नाही?"

"मले वाटलं, तूच सांगशीन."

पुढच्या सभेत मी माईकवरून सांगितलं, सगळं. काका आले नव्हते. त्यांना काम होतं.

परवा एका अंगणवाडीच्या शेडचं काम पाहायला गेले. गोणीवरचे दोन रॉड उचलून एकमेकांवर वाजवले. कोरडे रॉड खणखणतात, ओल्यांचा आवाज बसका येतो. त्या टाकीनंतर काका रोज सकाळी असा कान लावायचे. ठेकेदाराचा माणूस हसला, "ताई, भजन लावता का?"

"ओले हायेत. काम बंद करा."

"तुमी कोन सांगनाऱ्या?"

मी मशीनसमोर जमिनीवर बसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसले. मग त्यानं फोन लावला आणि कोरडे रॉड मागवले.