आप्पांची गेरूची खूण

आप्पा वाशीच्या धान्यबाजारात माथाडी. पोती वाहून केस पिकले, पण माणसावर विश्वास ठेवायचं त्यांनी कधी मनावर घेतलं नाही. वर बासमती आणि तळाला कणी, असल्या गोण्या त्यांनी जन्मभर पाहिल्या होत्या. म्हणून पसंत पडलेल्या गोणीवर ते ओल्या गेरूचं बोट ओढत; मग ती वाटेत बदलायची कुणाची छाती नव्हती. कोपरखैरण्याच्या त्यांच्या चाळीत कुणी मिक्सर घेतला तरी आधी आप्पांना दाखवून घेई, आणि याचा आप्पांना भारी अभिमान.

अठ्ठ्याण्णव साली त्यांच्या लेकीला, मोनालीला, कॉम्प्युटर हवासा झाला. टायपिंगची कामं घरी आणीन, असं ती म्हणे. गाड्यांच्या शर्यतीचा गेमही खेळायचाय, हे आप्पांनी न सांगता ओळखलं.

वाशीच्या शोरूममध्ये कंपनीचा देखणा डबा होता. आप्पा म्हणाले, "झाकान काढा." सील तोडलं तर गॅरंटी जाते, असं उत्तर आलं. आप्पा तिथूनच माघारी फिरले. आत बघू देत नाही तो माल कसला?

मग गाठला तौहीद. हा पनवेलकडचा, सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवायचा. कोपरखैरण्यात नुकताच गाळा घेतला होता आणि गिऱ्हाईक अजून जमायचं होतं. त्याचा भाव शोरूमच्या मानाने इतका कमी, की आप्पांना त्याचाच संशय आला.

"टायपिंग होईल, हिशोब होतील, हलकेफुलके गेमपण चालतील," तौहीद म्हणाला.

"एकाच गोणीत गहू, डाळ आन् साखर? आन् तेबी सवस्तात?"

तौहीदने हसून झाकण काढलं. मशीन चालू केलं, पडद्यावर गाडी पळवून दाखवली. आत बघायला मिळालं म्हणून आप्पा निम्मे विरघळले. पण मोनाली त्यांच्या कानाशी लागली, "ती उभी पट्टी बघा, मेमरीची. लोक तीच बदलून जुनी घालतात."

झालं. मशीन बंद करून तौहीद बिल लिहायला वळला, तशी आप्पांनी खिशातली गेरूची डबी काढून पट्टीच्या वरच्या कडेला ओलं बोट ओढलं. तौहीदने परत येऊन बोलता बोलता झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तो मशीन घेऊन घरी आला, तेव्हा दारात सगळी चाळ. शेजारच्या मानसिंगला असाच घ्यायचा होता, आणि त्याच्या मागोमाग आणखी दोघांना. तौहीदने बटण दाबलं. पडदा काळाच. डबा नुसता टीं टीं करत राहिला.

"बदललीस तू पट्टी!" आप्पा कडाडले. "वाटलंच हुतं मला. चोर हाईस तू."

तौहीदचा चेहरा उतरला. आप्पांची बायको शालन म्हणाली, "अवो, आधी उघडून तर बघा."

झाकण निघालं. कडेवर आप्पांची खूण जशीच्या तशी. पट्टी तीच होती. पण खुणेचा ओघळ खाली उतरून खाचेत गेला होता. तौहीदने पट्टी उपसली. तिचे सोनेरी दात गेरूने लाल झाले होते. त्याने एकदा आप्पांकडे पाहिलं. मग मोनालीचा खोडरबर मागून घेतला, दात घासले, पट्टी आणि खाच पुसली आणि पट्टी परत बसवली. पडदा उजळला.

"काय झालं हुतं?" मानसिंगने दारातून विचारलं.

"खाडीची हवा," तौहीद खाली बघत म्हणाला. "दमट झालं होतं जरा."

"मंग आमचं ऱ्हाऊ द्या. हवेनं बंद पडणारं मशीन आमाला नको." मागचे दोघेही माना डोलावून वळले.

आप्पांना सुटल्यासारखं वाटलं. लगेच शरम वाटली. हा का बोलला नाही? काय डाव असेल याचा? त्यांनी सवयीने मनातल्या मनात तळ चाचपून पाहिला, पण कणी लागेना. लाल झालेला खोडरबर तौहीदने मुठीत लपवला होता.

"मानसिंग, थांब," आप्पा म्हणाले. "हवा दमट न्हाई. त्यो गेरू माझा हाय. मशीन मी बंद पाडलं, आन् चोर ह्याला म्हनलो."

मानसिंग तेवढा माघारी वळला आणि आत येऊन टेकला.

तौहीदने झाकण लावलं आणि डब्याची मागची पत्र्याची बाजू दाखवली. "आता मारा खूण, आप्पा. इथे चालेल."

आप्पांनी डबी काढली, उघडली, आणि तशीच बंद करून खिशात टाकली.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "शालन, च्या टाक. तौहीदला आधी दे."