जहागीरदाराच्या बागेतला वड

पिपलानीच्या सिंधूबाई वानखडे यांची एक खोड होती. कुणी नाही म्हटलं की त्या तिथेच बसकण मारत.

अमरावतीकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या भोपाळच्या पिपलानी टाऊनशिपमध्ये आल्या, तेव्हा नवरा नरहर कारखान्यात फिटर, क्वार्टर दोन खोल्यांचं आणि आजूबाजूला सगळी हिंदी बोलणारी मंडळी. बोलायचं तर भिंतीशी. मग ज्येष्ठात वटपौर्णिमा आली, आणि जहागीरदाराच्या जुन्या बागेतल्या वडाखाली त्यांना टाऊनशिपमधल्या सगळ्या मराठी बायका एकदमच भेटल्या. कुणी लोणच्याची कृती दिली, कुणी पुढे बाळंतपणाला धावून आली. त्या वडाने सिंधूबाईंना माणसं दिली. नवरा काय, तो वडिलांनीच दिला होता.

पुढे कारखान्याने ती बाग घेतली. जहागीरदाराच्या कोठीचा साहेबांचा क्लब झाला. बागेतल्या वडाभोवतीच्या माळावर हिरवळ लावली, तिच्यात भोकं पाडून झेंडे रोवले, आणि साहेब लोक सुट्टीच्या सकाळी काठीने पांढरा चेंडू हाणत त्याच्यामागे चालू लागले. गोल्फ म्हणतात त्याला. विटीदांडूत एवढी पायपीट असती तर आपली पोरं कधीच घरी पळाली असती. वड मात्र मैदानाच्या मधोमध तसाच राहिला, आणि पूजेपुरतं बायकांना फाटक उघडं मिळत राहिलं.

एका वर्षी अच्युतराव भिडे क्लबचे सेक्रेटरी झाले. पुण्याचे इंजिनियर, शिस्तीचे. त्यांनी फाटकावर पाटी लावली : वटसावित्रीसाठी महिलांना प्रवेश फक्त अमावस्येला. आणि पौर्णिमेला स्पर्धा ठेवली. आता तिकडच्या हिंदी बोलणाऱ्या बायका वड पूजतात अमावस्येला आणि आपल्या पंधरवड्याने, पौर्णिमेला, हे अच्युतरावांना काय ठाऊक नव्हतं? पण त्यांच्या बंगल्यात बाजारातून वडाची फांदी यायची, ती कुंडीत खोचली की झाली पूजा. सगळ्यांचं तसंच भागेल, असं त्यांनी धरलं.

सिंधूबाई त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

“फांदी चालते हो, सिंधूताई. आमच्याकडे प्रमिला तसंच करते.”

“तोडलेल्या फांदीपाशी नवऱ्याचं आयुष्य मागू, साहेब? तुमच्याकडे मागत असतील.”

अच्युतरावांनी चष्मा पुसला. “बाहेरचे पाहुणे येणार आहेत. पुढच्या वर्षी बघू.”

“यंदा सुटलं की कायमचं सुटलं. तेवढं कळतं मला.”

घरी नरहर हवालदिल झाला. “अगं, क्वार्टर काढून घेतील.”

“घेऊ देत. वडाखाली राहू. सावली बरी आहे तिथे.”

शेंडी तुटो की पारंबी, पौर्णिमेला सकाळीच सिंधूबाई निघाल्या. मागे बायकांची रांग, हातात ताटं, ताटांत आंबे आणि सुताची गुंडी.

फाटकावरचा चौकीदार म्हणाला, “माताजी, त्योहार तो हो गया. पंद्रह दिन पहले.”

“उनका हो गया, भैया. हमारा आज है. भरोसा न हो तो रात को चाँद देख लेना.”

चौकीदार काही बोलणार, तेवढ्यात त्याला रांगेत पदर सावरत उभ्या असलेल्या सेक्रेटरी साहेबांच्या बाईसाहेब दिसल्या. त्याने मुकाट्याने कडी काढली.

वडाभोवती फेरे सुरू झाले. दोन-तीन झाले असतील, तोच एक पांढरा चेंडू उडत आला आणि सुताच्या आत, मुळांमध्ये, हळदीकुंकवाशेजारी जाऊन बसला. मागोमाग काठी घेऊन अच्युतराव. पाहतात तो सुताचं टोक धरून चालणारी प्रमिलाच.

ते सिंधूबाईंकडे वळले. “हे पाहा, आमच्या खेळात नियम असतो. चेंडू पडला तिथूनच मारावा लागतो.”

“आमच्यातही आहे,” सिंधूबाई म्हणाल्या. “वड उगवला तिथेच पूजावा लागतो. बूट काढा, आणि आमचे फेरे होईस्तोवर थांबा.”

अच्युतरावांनी बायकोकडे पाहिलं.

“काढा हो,” प्रमिलाबाई म्हणाल्या. “कुंडीभोवती फिरून फिरून दरवर्षी चक्कर यायची मला.”

साहेबांनी बूट काढले. मागे पाहुणे उन्हात काठ्या टेकून उभे, पुढे बायका फिरताहेत, आणि मध्ये सेक्रेटरी अनवाणी, तापल्या मातीवर पाय बदलत. सिंधूबाईंनी त्यांना सावलीत यायला सांगितलं. स्वतःचा सातवा फेरा मात्र त्यांनी असा सावकाश घातला, जणू माहेरच्या अंगणात शतपावली चालली आहे.